चित्रपट रसास्वाद अभ्यासक्रम, पुणे

व्याख्यान आणि चित्रपट यांची सांगड घालणारा उन्हाळी उपक्रम. फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट (स्थापना १९६०) आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय (१९६४) या संस्थांनी तो मिळून चालवला. मुदत साधारण महिनाभराची. सतीश बहादूर यांनी त्याची अध्यापनपद्धती घडवली. ‘पथेर पांचाली’तील एकेक प्रसंग थांबवून, पुन्हा दाखवून ते रचना उलगडत. शिकवण्याची ही रीत आजही अनुकरणीय आहे. संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी जिवापाड जपलेल्या प्रतींमुळे दुर्मीळ भारतीय चित्रपट पडद्यावर पाहता आले. इन्स्टिट्यूटच्या आवारात पूर्वी प्रभात स्टुडिओ होता. ‘संत तुकाराम’ (१९३६) हा तिथलाच. शिक्षक, समीक्षक आणि फिल्म सोसायट्यांचे कार्यकर्ते इथे शिकले.