भरतपूरची पाणथळ : शिकारीपासून संशोधनापर्यंत

राजस्थानातील भरतपूर शहराला लागून केवलादेव घना ही पाणथळ आहे. क्षेत्र सुमारे 29 चौरस किलोमीटर. मुळात हा एक उथळ, सखल भाग. पावसाचे पाणी तिथे साचे आणि उन्हाळ्यात आटून जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भरतपूर संस्थानाने बदकांच्या शिकारीसाठी तिचा विस्तार केला. अजान बंधाऱ्याचे पाणी कालव्याने आणून, लहान बांध आणि दरवाजे घालून ते वेगवेगळ्या कप्प्यांत खेळवण्यात आले. आजची पाणथळ अशी माणसाच्या हातून घडली आहे. बांधांवर बाभळी वाढल्या, पाण्यात वनस्पती आणि मासे वाढले आणि चित्रबलाक, बगळे, पाणकावळे यांच्या वसाहती बसल्या. हिवाळ्यात उत्तरेकडून बदकांचे थवे येऊ लागले.

संस्थानी काळात इथे व्हाइसरॉयसाठी मोठ्या शिकारी होत. 1938च्या नोव्हेंबरात लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात चार हजारांहून अधिक पक्षी मारले गेले. स्वातंत्र्यानंतर पाणथळ कोरडी करून शेतीला द्यावी, अशी मागणी पुढे आली. पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी ती वाचवण्यासाठी प्रयत्न केले आणि 1956मध्ये हे पक्षी अभयारण्य झाले. माजी महाराजांचा शिकारीचा हक्क मात्र 1972पर्यंत टिकला. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने इथे स्थलांतरित पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांच्या प्रवासाचा माग काढला. 1981मध्ये या जागेला रामसर पाणथळीचा आणि 1985मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

राष्ट्रीय उद्यान झाल्यावर 1982मध्ये गुरांची चराई बंद झाली. भोवतालच्या गावांच्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या इथे चरत होत्या. बंदीला गावकऱ्यांनी विरोध केला आणि पोलिसांच्या गोळीबारात काही जणांचा बळी गेला. गुरे काढली की पाणथळ सुधारेल, असे तेव्हा अनेक जाणकारांनाही वाटत होते.

या समजुतीची परीक्षा योगायोगाने त्याच काळात झाली. सोसायटीच्या तरुण संशोधकांनी 1980 ते 1990 या दशकात वनस्पती, पाणी, मासे आणि पक्षी यांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली. तिच्यातून दिसले, की म्हशी पाण्यात उतरून जे गवत खात, ते पास्पेलम गवत आता मोकळ्या पाण्यावर पसरत होते. पाण्यातल्या इतर वनस्पतींना आणि माशांना जागा उरेना, आणि पाणपक्ष्यांनाही. चराई हा या परिसंस्थेचाच एक घटक होता, हे यातून स्पष्ट झाले. 1990मध्ये रामसर कराराच्या धोक्यातील पाणथळींच्या यादीत केवलादेवचे नाव नोंदले गेले. पाण्याची टंचाई आणि चराईचा बिघडलेला तोल ही त्याची कारणे होती. पुढे गावकऱ्यांना गवत कापून नेण्याची मुभा मिळाली.

पाण्याचा प्रश्न अधिक बिकट ठरला. अजान बंधाऱ्याला पाणी पुरवणाऱ्या गंभीर नदीवर, वरच्या बाजूला पाचना धरण झाले. दुष्काळी वर्षांत धरणाचे पाणी शेतीला की उद्यानाला, हा वाद उभा राहिला. या शतकाच्या सुरुवातीपासून हिवाळ्यात येणारे सायबेरियन क्रौंचही इथे दिसेनासे झाले. प्रवासमार्गावरील शिकार हे त्यामागचे एक मोठे कारण मानले जाते. नंतर गोवर्धन नाल्यातून उद्यानाला पाणी आणण्याची सोय झाली.

पाणथळ वाचवायची, तर कुंपणाबरोबरच पाणी, गवत, गुरे आणि शेजारची माणसे यांचा एकत्र विचार व्हावा लागतो. केवलादेवच्या इतिहासाने आणि तिथल्या दशकभराच्या नोंदींनी हे सिद्ध केले आहे.