संग्रहालयातील कर्मशाळा

१९६८ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात सुरू झालेल्या ‘स्टुडिओ म्युझियम’चे नावच एक भूमिका सूचित करते : संग्रहालयाने सिद्ध कलाकृतींबरोबर त्या घडण्याची जागाही सामावून घ्यावी. चित्रकार विल्यम टी. विल्यम्स यांच्या कल्पनेतून तेथे निवासी कलावंतांची योजना साकारली. मात्र उद्घाटनाचे प्रदर्शन, टॉम लॉइड यांच्या अमूर्त प्रकाशशिल्पांचे, वादग्रस्त ठरले. कृष्णवर्णीय कलावंताने आपल्या समाजाचे दृश्य प्रतिनिधित्व केलेच पाहिजे काय, हा त्या वादाचा गाभा होता. या पार्श्वभूमीवर निवासी कलावंतांच्या वार्षिक समूहप्रदर्शनाचा अर्थ उलगडतो. समूहप्रदर्शन म्हणजे संप्रदाय, असे इतिहासकार सहसा गृहीत धरतो. येथे मात्र समान असते ती कामाची जागा, शैली नव्हे. ‘कृष्णवर्णीय कला’ ही संज्ञा एकवचनी राहत नाही, ती या भेदांमुळेच.