दारची फियाट

दसऱ्याच्या सकाळी मुंबई-पुण्याच्या एखाद्या जुन्या वसाहतीतून फेरफटका मारला, तर नव्या चकचकीत मोटारींच्या रांगेत मध्येच एखादी जुनी फियाट धुऊनपुसून उभी असलेली दिसते. बॉनेटवर झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, काचेवर कुंकवाचे बोट. यात नवल काही नाही. नवल पुढेच आहे. दुसऱ्या दिवशी घरधनी त्याच गाडीत बसून कामाला जातो. मोटारीचे वेड असणारी माणसे जगभर आहेत. परंतु बहुतेकांची आवडती गाडी आच्छादनाखाली झाकलेली असते आणि रोजची निराळी असते. फियाटवाल्यांची मात्र आवडती गाडी तीच रोजची. हे असे का झाले, याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे.

एके काळी आपल्याकडे परदेशी मोटारींचे सुटे भाग आणून जोडण्याचे कारखाने होते. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला असा कारखाना काढला. परंतु मोटार या देशात घडली पाहिजे, हा ध्यास सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी घेतला. १९४४ साली त्यांनी प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून वाहने बाहेर पडू लागली. ती अमेरिकन बनावटीची होती. १९५१ मध्ये इटलीतील फियाट कंपनीशी संबंध जुळला. पुढे सरकारने धोरण ठरवले, की ज्यांना येथे मोटार घडवायची नाही त्यांनी नुसती जोडणीही करू नये. परदेशी कंपन्यांनी गाशा गुंडाळला आणि ग्राहकापुढे दोन-तीनच नावे उरली : कलकत्त्याकडची हिंदुस्थान, मद्रासची स्टँडर्ड आणि आपली कुर्ल्याची फियाट.

दांते जाकोसा या इटालियन अभियंत्याने आखलेली फियाट ११०० ही गाडी १९५३ मध्ये युरोपात आली आणि १९५४ मध्ये कुर्ल्यात. वालचंदशेठ मात्र १९५३ मध्येच निवर्तले होते. गाडीची पाठ गोल, नाक पुढे आलेले आणि पुढची दारे उलट्या बाजूने उघडणारी. मुंबईकरांनी तिचे बारसे केले, ‘डुक्कर फियाट’! नाव हिणवण्याचे वाटले, तरी त्यात माया होती. १९६४ मध्ये नवा सांगाडा आला. पाठ सपाट झाली आणि मागे दोन लहान कल्ले फुटले. हीच गाडी १९७२ मध्ये ‘प्रीमिअर प्रेसिडेंट’ आणि १९७४ मध्ये ‘प्रीमिअर पद्मिनी’ झाली. नावे बदलली, पण १०८९ सी.सी.चे इंजिन आणि एकंदर तोंडवळा तोच राहिला.

त्या काळी पैसे भरून नंबर लागण्याची वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. मग घरात आलेली गाडी एकुलत्या एका लेकीसारखी सांभाळली जाई. हौस भागवायला दुसरी गाडी कोठून आणणार? ज्याला मोटारीचे वेड, त्याने ते याच गाडीवर पुरवायचे. रविवारी बॉनेट उघडावे, प्लग घासावेत, पॉइंटमधले अंतर साधावे, शेजारी उभ्या असलेल्या मुलाला पाना धरायला शिकवावे. ऐन उन्हाळ्यात घाट चढताना पेट्रोलपंप तापून गाडी बसली, तर त्यावर ओले फडके ठेवावे, हे ज्ञान बापाकडून लेकाकडे आले. गाडीची यंत्ररचनाही अशी सरळ, की नाक्यावरच्या फिटरला ती उलगडता येई.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती आली आणि दिवस पालटले. नव्या शतकाच्या उंबरठ्यावर पद्मिनीचे उत्पादन थांबले. तरीही ती जगली, ती मुख्यतः मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे. हजारो टॅक्सी रोज धावत होत्या, म्हणून क्लच प्लेटपासून दाराच्या कडीपर्यंत सारे मिळत होते. ज्या कुर्ल्यात गाडी जन्मली, त्याच कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या दुकानांतून तिचे आयुष्य वाढत होते. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली. टॅक्सीला मर्यादा वीस वर्षांची. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर ती टॅक्सी उरली नाही. खासगी मालकाच्या दृष्टीने हा धक्का साधा नव्हता. टॅक्सी गेली की सुटे भाग दुर्मिळ होतात, आणि फिटरचा मुलगा दुसरा धंदा शोधतो.

आता कायद्याने एक मानाची वाटही उघडली आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरील गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते. परंतु तशी गाडी रोज रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, मिरवणूक, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच ती बाहेर काढायची. १९७४ ची पद्मिनी आज या मानाला पात्र आहे. हा मान घ्यावा, की दर पाच वर्षांनी गाडी तपासून घेऊन, पर्यावरण कर भरून साधीच नोंदणी चालू ठेवावी, असा पेच मालकापुढे उभा राहतो.

पुष्कळजण दुसरी वाट धरतात, आणि त्यात हट्टाइतकाच व्यवहारही आहे. उभ्या गाडीचे रबर वाळते, कार्बोरेटरमध्ये पेट्रोलचा चिकटा धरतो, बॅटरी उतरते. चालती गाडी तक्रार करते, ती ऐकू येते आणि वेळीच इलाज होतो. शिवाय गाडी चालती असली, तर फिटरलाही काम राहते आणि त्याच्या हातातले कसब टिकते.

म्हणून दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एखादे गृहस्थ सुकलेला हार बाजूला काढताना दिसले, तर क्षणभर थांबावे. ते चोक ओढतील, किल्ली फिरवतील, गाडी दोनदा खोकेल आणि सुरू होईल. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर टाकून ते निघतील. संध्याकाळी परतताना भाजीची पिशवी त्याच गाडीच्या मागच्या बाकावर असेल.