खारेपाटाचा बांध

धरमतरच्या खाडीने भरतीगणिक गिळावी अशीच जिची प्रकृती, ती पेणच्या खारेपाटातील जमीन पिढ्यान्‌पिढ्या भात पिकवीत आली, याचे श्रेय चिखलाच्या बांधाला आणि तो राखणाऱ्या शिलोत्रदाराला द्यावे लागते. खाजण जमीन स्वतःच्या भांडवलाने बंदिस्तीखाली आणावयाची, कुळांस लावून द्यावयाची आणि सरकारी धाऱ्याखेरीज दर बिघ्यास मणभर भात बाहेरकाठ्याच्या, म्हणजे खाडीकडील बांधाच्या, दुरुस्तीसाठी घ्यावयाचे, ही शिलोत्री वहिवाट जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या दप्तरी नमूद आहे. शिलोत्रदार काही धर्मात्मा नव्हता, आणि मण वसूल करून बांधाकडे पाठ फिरविणारेही त्यांत असलेच पाहिजेत. परंतु बांध फुटल्यास कोणाच्या दारी जावयाचे, हे कुळास ठाऊक असे.

बांधाला खेकड्याचे एक बीळही पुरते. उधाणाचे पाणी त्यातून झिरपू लागले की माती सुटते आणि पाहता पाहता खांड पडते. ती वेळीच, म्हणजे पुढच्या उधाणाआधी, पेंढा, दगड आणि चिखल घालून बुजविली नाही, तर आत शिरलेले खारे पाणी त्या वर्षाचे पीक तर नेतेच, शिवाय मुरलेला क्षार धुऊन निघण्यास दोन-तीन पावसाळे जावे लागतात. म्हणून काही गावांत सगळ्यांनी मिळून बांध राखण्याची ‘जोळ’ पद्धत होती. १९४८ साली मुंबई सरकारने खारजमिनींचा कायदा केला, १९७९ साली महाराष्ट्राने नवा केला, आणि बांधाची जोखीम गावाकडून सरकारी खात्याकडे गेली; मात्र अंदाजपत्रक मंजूर होईपर्यंत उधाण थांबत नाही, ही अडचण कोणत्याच कायद्याने सोडविली नाही.

हे सारे समुद्राकडून येणाऱ्या पाण्याविषयी झाले. रोहे तालुक्यातील नागोठण्यावरून याच खाडीस मिळणारी अंबा नदी २४ जुलै १९८९ रोजी सह्याद्रीवरील अतिवृष्टीने अशी फुगली की वरच्या अंगाचे जांभूळपाडे तिने उद्ध्वस्त केले आणि नागोठण्यातही हाहाकार उडविला. अशा पाण्यापुढे खारेपाटाचा बांध उलटा बाधक होतो, कारण भरतीच्या वेळी उघाडीचे, म्हणजे बांधातील पाणी सोडण्याच्या वाटेचे, झडप बाहेरच्या दाबानेच मिटते आणि शेतात साचलेल्या पावसाच्या पाण्याला ओहोटी लागेपर्यंत वाट मिळत नाही.