क्रिकेट ०७ चे पॅच : चेहरे बदलले, पण गोष्ट का बदलली नाही?

नोव्हेंबर २००६ मध्ये एक क्रिकेट गेम बाजारात आला. त्यात आयपीएल नव्हती, कारण आयपीएलच २००८ मध्ये सुरू झाली. विराट कोहली नव्हता, कारण तो तोवर भारताकडून खेळलाच नव्हता. विदर्भाचा पहिला कसोटीपटू उमेश यादवही नव्हता, कारण त्याचं कसोटी पदार्पण व्हायला २०११ उजाडलं.

तरीही या तिघांसोबत तो गेम खेळलेली मंडळी तुम्हाला नागपूरपासून खामगाव-मलकापूरपर्यंत कुठेही भेटतील. कदाचित तुम्हीही त्यातलेच असाल.

हे शक्य झालं ते पॅचमुळे. पण पॅच टाकून आयपीएलची फायनल जिंकली तरी काहीतरी कमी आहे असं वाटायचं. ते नेमकं काय होतं?

आधी गेमबद्दल थोडं

ईए स्पोर्ट्स क्रिकेट ०७ हा गेम कॅनडातल्या एचबी स्टुडिओज या कंपनीने तयार केला आणि ईएने तो पीसी आणि प्लेस्टेशन २ साठी आणला. समालोचनाला रिची बेनो आणि मार्क निकोलस होते. गेमचा सगळा भर ॲशेसवर होता. २००५ च्या गाजलेल्या ॲशेस मालिकेतले प्रसंग पुन्हा खेळायची सोयही त्यात दिली होती.

भारतीय खेळाडूंच्या नावांचे हक्क मात्र कंपनीकडे नव्हते. त्यामुळे आपल्या खेळाडूंची नावं मोडूनतोडून दिलेली असायची. ज्या देशात क्रिकेटचा सगळ्यात मोठा प्रेक्षक आहे, त्याच देशाचा संघ गेममध्ये टोपणनावाने खेळत होता.

त्यानंतर ईएने पीसीसाठी पुढचा क्रिकेट गेम आणलाच नाही. कंपनी थांबली, पण चाहते थांबले नाहीत.

पॅच म्हणजे काय?

खरं तर कंपनी स्वतःच्या गेममधल्या चुका दुरुस्त करायला जी फाइल देते, तिला पॅच म्हणतात. चाहत्यांनी गेममध्ये केलेल्या बदलाला मॉड हा शब्द आहे. पण आपल्याकडे क्रिकेट ०७ च्या बाबतीत सगळ्यालाच पॅच म्हणायची सवय लागली, म्हणून इथेही तोच शब्द वापरू.

चाहत्यांनी केलेले बदल ही किरकोळ गोष्ट नाही. काउंटर-स्ट्राइक हा जगभर खेळला गेलेला गेम आधी हाफ-लाइफ या गेमचा मॉड होता. डोटाची सुरुवात वॉरक्राफ्ट ३ मधून झाली.

पॅचने काय कमावलं?

पहिली गोष्ट म्हणजे नावं परत मिळाली. खेळाडूंच्या यादीची फाइल बदलली की धोनी धोनी झाला आणि सचिन सचिन.

दुसरी गोष्ट, गेम म्हातारा झाला नाही. नवी जर्सी, नवे चेहरे, बॅटवरचे स्टिकर, सीमारेषेवरच्या जाहिराती, टीव्हीसारखी धावफलकाची पट्टी असं सगळं येत राहिलं. २०११ चा विश्वचषक आला की त्याचा पॅच, आयपीएलचा नवा हंगाम आला की त्याचा पॅच.

तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हे सगळं साध्या कॉम्प्युटरवर चालायचं. महागडं ग्राफिक्स कार्ड लागत नव्हतं, इंटरनेटही रोज लागत नव्हतं. एकाने डाउनलोड करायचं आणि पेन ड्राइव्हवरून बाकीच्यांनी न्यायचं. भारनियमनाच्या वेळापत्रकात बसवून खेळणाऱ्या गावांसाठी ही मोठी गोष्ट होती.

आणि हे करणारे लोक पगारी नव्हते. चित्रं कशी बदलायची, फाइल कशी उघडायची, हे ते एकमेकांकडून शिकले. एका जुन्या गेमला त्यांनी वर्षानुवर्षं जिवंत ठेवलं, ही पॅचची सगळ्यात मोठी बाजू.

मग गोष्ट कुठे अडली?

क्रिकेटच्या गेममध्ये कसली आली गोष्ट, असं वाटू शकतं. पण मॅच ही गोष्टच असते. कोण कुणाविरुद्ध खेळतंय, आधी काय घडलंय, आज हरलो तर काय जाईल, हे माहीत असतं म्हणून आपण शेवटच्या षटकात नखं खातो. पॅच कमी पडले ते इथेच.

१. आवाज जुनाच राहिला. समालोचन म्हणजे आधी रेकॉर्ड करून ठेवलेली वाक्यं. चौकार गेला की त्यातलं एखादं वाक्य वाजतं. मैदानावर चेन्नई आणि मुंबईच्या जर्सी आल्या तरी ही मॅच आयपीएलची आहे, याचा समालोचकांना पत्ताच नाही. रिची बेनो एप्रिल २०१५ मध्ये गेले. त्यानंतरच्या हंगामांचे पॅच टाकले तरी मूळ समालोचनात त्यांचाच आवाज ऐकू यायचा. ऐकायला छान, पण तो आवाज २००६ मध्येच थांबलेला.

२. गेमला आठवण नाही. काल तुमच्या उमेश यादवने पाच बळी घेतले, तर आज त्याच्याबद्दल कुणी काही बोलत नाही. लिलाव नाही, संघातून वगळलं जाणं नाही, पुनरागमन नाही. प्रत्येक मॅच कोऱ्या पाटीवर सुरू होते.

३. प्रसंग नाही, फक्त देखावा. २ एप्रिल २०११ चं वानखेडे आठवा. श्रीलंकेच्या २७४ धावा, सेहवाग शून्यावर बाद, सचिन १८ वर बाद, भारत २ बाद ३१. मग गंभीरच्या ९७ आणि धोनीच्या नाबाद ९१ धावा. विश्वचषकाच्या पॅचमध्ये निळी जर्सी मिळाली, खेळाडू मिळाले. पण २८ वर्षांची वाट पाहणं गेमला माहीत नव्हतं. तुम्ही तो पाठलाग पूर्ण केलात, तरी गेमसाठी ती आणखी एक मॅच होती. आणि याच गेममध्ये २००५ च्या ॲशेसचे प्रसंग मात्र मुद्दाम रचून दिलेले होते. म्हणजे गोष्ट सांगायची पद्धत गेमकडे होती, ती आपल्या वाट्याला आली नाही.

४. मोठ्यांचीच गोष्ट. बहुतेक पॅच टीम इंडिया आणि आयपीएलभोवती फिरले. विदर्भाने रणजी स्पर्धेत साठेक वर्षं घालवल्यावर २०१७-१८ मध्ये पहिल्यांदा अंतिम फेरी गाठली. इंदूरला दिल्लीला हरवून करंडक जिंकला. रजनीश गुरबानीने त्या सामन्यात हॅट्‌ट्रिक घेतली. पुढच्या हंगामात करंडक राखला आणि २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदा जिंकला. बुलढाण्यातल्या पोराला हक्काने आपली म्हणता येईल अशी याहून चांगली क्रिकेटकथा कोणती? पण ती निवडायला पॅचमध्ये बटण शोधावं लागायचं.

दोष चाहत्यांचा का?

पूर्णपणे नाही. घराला रंग देणं आणि घराची भिंत हलवणं यात जो फरक, तोच इथे आहे.

चित्रं, आवाज आणि खेळाडूंच्या याद्या गेमच्या फोल्डरमध्ये वेगळ्या फाइल्समध्ये असतात. त्या बदलता येतात. पण कुठलं वाक्य कधी वाजेल, स्पर्धा कशी पुढे सरकेल, गेम काय लक्षात ठेवेल, हे मुख्य प्रोग्रॅम ठरवतो. त्याचा मूळ कोड कंपनीकडे असतो. तो हातात नसताना नवी गोष्ट जोडणं फार अवघड. म्हणून नवे संघही बहुतेक वेळा गेममधल्या जुन्या संघांच्या जागी बसवले गेले.

चौथा दोष मात्र निवडीचा आहे. विदर्भाचा संघ यादीत बसवायला कोड लागत नव्हता. तो बनवावासा वाटणारा माणूस लागत होता.

पुढे काय झालं?

२०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या बिग अँट स्टुडिओजने डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४ आणला. त्यातही सगळ्या संघांचे हक्क नव्हते. पण खेळाडू स्वतः बनवून इतरांना देण्याची सोय गेममध्येच होती. जे काम चाहते फाइली उचकटून करत होते, ते कंपनीने अधिकृत करून टाकलं. शिवाय एका तरुण खेळाडूची कारकीर्द घडवायचा पर्यायही होता. म्हणजे आठवण ठेवणारा गेम. फक्त त्यासाठी चांगला कॉम्प्युटर आणि खिशात पैसे हवे होते.

आज पॅच टाकायचा असेल तर

मूळ गेमच्या फोल्डरची एक प्रत आधी बाजूला ठेवा. अनोळखी साइटवरची फाइल अँटिव्हायरसने तपासल्याशिवाय उघडू नका. आणि लक्षात ठेवा, पॅच फुकट असला तरी मूळ गेमची चोरटी प्रत त्यामुळे कायदेशीर होत नाही.

आणि तुम्हीच पॅच बनवणार असाल, तर यादीची फाइल उघडल्यावर एक संघ विदर्भाचा करा. सोबत एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये चार ओळी लिहा : सामना कुठला, समोर कोण, आधी काय घडलंय. गेम ते वाचणार नाही. खेळणारा वाचेल आणि पहिला चेंडू टाकण्याआधी त्याला कळेल की आज जिंकायचं कशासाठी.