राणीच्या थडग्यातली घुबडं: चीनची प्राण्यांच्या आकाराची कांस्यपात्रं

आपल्याकडे घुबड दिसलं की अनेकांच्या कपाळावर आठी येते. चीनमध्ये मात्र सुमारे ३,२०० वर्षांपूर्वी एका राणीच्या थडग्यात घुबडाच्या आकाराची दोन कांस्यपात्रं मानाने ठेवली होती. ही राणी म्हणजे फू हाओ, शांग राजा वू डिंगची पत्नी आणि स्वतः सेनापती. भविष्य पाहण्यासाठी वापरलेल्या हाडांवर त्या काळी लेख कोरत. अशाच एका लेखात तिच्या १३,००० सैनिकांच्या फौजेची नोंद आहे.

आनयांग इथलं हे थडगं १९७६ मध्ये उघडलं गेलं. चोरांचा हात लागला नव्हता, त्यामुळे आत तब्बल ४६८ कांस्यवस्तू मिळाल्या. घुबडांची जोडी त्यातलीच. प्रत्येक घुबड साधारण दीड फूट उंच. दोन जाड पाय आणि जमिनीला टेकलेली शेपूट अशा तीन आधारांवर ते उभं राहतं. डोक्याचा मागचा भाग म्हणजे झाकण, पाठीला धरायची मूठ आणि तोंडाच्या आतल्या बाजूला राणीचं नाव. अशा पात्राला ‘झुन’ म्हणतात. त्यात धान्याचं मद्य भरून पूर्वजांना अर्पण करायचे. म्हणजे हा शोपीस नव्हता, पूजेचं भांडं होतं.

ते घडवायचं कसं? आधी मातीचा नमुना करायचा. त्यावर ओली माती दाबून साचा घ्यायचा, तो तुकड्यातुकड्यांनी सोडवायचा, भाजायचा आणि मातीच्या गाभ्याभोवती पुन्हा जुळवायचा. मधल्या फटीत वितळलेलं कांस्य ओतायचं. आज हिरवी दिसणारी ही पात्रं नवी असताना सोनेरी चमकत. हिरवा रंग नंतर गंजाने चढलेला.

घुबडावर नक्षी ठासून भरली आहे. याउलट शानडोंगमध्ये सापडलेला आणि आता सॅन फ्रान्सिस्कोच्या एशियन आर्ट म्युझियममध्ये असलेला शांगकालीन गेंडा अगदी साधा आहे. दोन शिंगं, जाडजूड अंग, आखूड पाय. खरा गेंडा पाहिलेल्या माणसाचंच हे काम वाटतं. तेव्हा उत्तर चीनमध्ये गेंडे आणि हत्ती खरोखरच होते. पुढे हवामान थंड झालं, शेतीसाठी जंगलं गेली, चिलखतांसाठी गेंड्याची कातडी हवीच होती. आज चीनच्या जंगलात एकही गेंडा नाही आणि हत्ती उरलेत ते दक्षिण युन्नानमध्ये.

घुबडाचं नशीबही फिरलं. नंतरच्या काळात चिनी लोक त्याला आईला खाणारा अभद्र पक्षी मानू लागले. फू हाओच्या जोडीतलं एक घुबड आज बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, दुसरं झेंगझौच्या हेनान संग्रहालयात.