उज्जयिनीची मलमल आणि पॅरिसचा झगा

कोणत्याही उंची वस्त्राला तीन धनी असतात. एक ते अंगावर घालणारा, दुसरा ते बेतणारा आणि तिसरा त्यावर सुई चालविणारा. पहिल्याचे नाव इतिहासकार लिहून ठेवतात, दुसऱ्याचे दुकानाच्या पाटीवर झळकते; तिसऱ्याचे मात्र बहुधा कोठेच उरत नाही. मेजवानीच्या रात्री घालावयाच्या पाश्चात्त्य गाऊनचा आणि त्यावरील भरतकामाचा इतिहास आज वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे, ते या तिसऱ्या धन्याचा माग काढण्याकरिता. महाकालाच्या नगरीत बसून पॅरिसच्या झग्यांची चर्चा करणे काही वाचकांस विक्षिप्तपणाचे वाटेल. तथापि त्या झग्याचे सूत उसवीत गेले, तर त्याचे एक टोक क्षिप्रेच्या काठी येऊन पोचते, हे आम्ही दाखवू इच्छितो.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात ‘ओझीनी’ नावाच्या नगरीचा उल्लेख आहे. ही ओझीनी म्हणजेच आपली उज्जयिनी. तेथून बॅरिगाझा म्हणजे भडोच बंदराकडे काय काय माल जात असे, त्याची यादी त्या अनामिक व्यापाऱ्याने दिली आहे. अकीक व तत्सम खडे, तलम मलमल, जाडेभरडे कापड असा तो माल होता. भडोचहून तो तांबड्या समुद्राच्या वाटेने रोमन साम्राज्यात जाई. म्हणजे ज्या काळी पॅरिस हे सीन नदीवरील एक लहानसे गाव होते, त्या काळी उज्जयिनीच्या बाजारातून निघालेली मलमल परदेशच्या श्रीमंतांच्या अंगावर पोचत होती. ती कोणी विणली, हे पेरिप्लसकाराने लिहिले नाही. त्याला मालाशी काम होते, माणसाशी नव्हते. हा शिरस्ता पुढे दोन हजार वर्षे चालू राहिला.

हिंदुस्थानच्या मलमलीने युरोपातील वेशभूषेला एकदा चांगलाच हादरा दिला, तो अठराव्या शतकात. त्या काळी दरबारी स्त्रीचा पोशाख म्हणजे जाड रेशीम, किनखाब आणि कमरेखाली वेताचा सांगाडा. 1783 साली विजे-ल-ब्रॅं या चित्रकर्तीने फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिचे मलमलीच्या साध्या पांढऱ्या झग्यातील चित्र पॅरिसच्या प्रदर्शनात ठेवले आणि एकच गहजब उडाला. राणीने अंतर्वस्त्रांतच चित्र काढून घेतले, अशी ओरड झाली आणि चित्र काढून घ्यावे लागले. पण लोकनिंदेने फॅशन मरत नाही. क्रांतीनंतर, नेपोलियनच्या अमदानीत, तोच पांढरा, अंगासरसा, मलमलीचा झगा सम्राज्ञी जोसेफीनच्या दरबारात प्रतिष्ठित झाला. आजच्या गाऊनच्या सुटसुटीत घडणीचे एक मूळ येथे सापडते.

या झग्यांना उंची कलेचा दर्जा मिळवून दिला तो चार्ल्स फ्रेडरिक वर्थ या इंग्रजाने. हा 1825 साली लिंकनशायर परगण्यात जन्मला, कापडाच्या दुकानांत उमेदवारी करून पॅरिसला गेला आणि 1858 साली तेथे त्याने भागीदारीत आपली पेढी थाटली. तोवर शिंपी गिऱ्हाईक सांगेल तसे शिवीत असे. वर्थने हा क्रम उलटा केला. झगा तो स्वतःच्या कल्पनेने बेतू लागला आणि चित्रकाराने चित्रावर सही करावी तसे आपले नाव आतल्या पट्टीवर घालू लागला. शिंप्याचा कलावंत झाला तो असा. दुसऱ्या धन्याला नाव मिळाले. तिसरा होता तेथेच राहिला.

आता हा तिसरा कोण, ते पाहू. जरदोजी, कारचोबी, आरीकाम ही नावे आमच्या वाचकांस नवी नाहीत. लाकडी चौकटीवर कापड ताणून बसवावयाचे, भोवती चारसहा कारागिरांनी मांडी घालून बसावयाचे आणि जर, कलाबूत, सलमा, टिकल्या एकेक टाक्याने जडवीत जावयाचे, ही त्याची रीत. यांतील आरी हे हत्यार विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. ही टोकाला बारीक आकडी असलेली सुई. कच्छ-गुजरातेतील मोची ती कातड्यावर चालवीत आणि तिनेच रेशमावर साखळीचा टाका भरीत. वरच्या हाताने आरी टोचावयाची, कापडाखालच्या हाताने धागा तिच्या आकडीत द्यावयाचा आणि फासा वर ओढावयाचा. एवढ्या युक्तीने साध्या सुईच्या कितीतरी पट वेगाने काम उरकते. अठराव्या शतकाच्या मध्यास ही पूर्वेकडील पद्धत फ्रान्समध्ये पोचली. चौकट ढोलकाप्रमाणे गोल आणि ताणलेली, म्हणून तेथे तिला ढोलकाचेच नाव पडले. 1770 साली सेंत-ओबँ याने भरतकामावर लिहिलेल्या फ्रेंच ग्रंथात तिचे वर्णन आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात लॉरेन प्रांतातील लुनेविल गावाने त्याच जातीच्या आकडीने मणी व टिकल्या बसविण्याची हातोटी साधली आणि तिला ‘लुनेविलची आकडी’ म्हणून जगभर कीर्ती मिळाली. पॅरिसच्या गाऊनवर लखलखणारे मणी आजही त्या आकडीने बसविले जातात. मोच्याची आरी विलायतेत जाऊन नाव बदलून आली, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

या सगळ्या कथेचे सार एकाच वस्त्रात पाहावयाचे असेल, तर ते व्हाइसरॉय कर्झनच्या पत्नीच्या मयूर-गाऊनमध्ये पाहावे. एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणानिमित्त दिल्लीस दरबार भरला, तेव्हा जानेवारी 1903 मध्ये लाल किल्ल्यातील नृत्यसमारंभात लेडी कर्झनने हा गाऊन घातला होता. त्याचे पट दिल्लीच्या कारागिरांनी जरदोजीने भरले. मोरपिसे एकावर एक रचल्याचा भास व्हावा असे ते काम होते. प्रत्येक पिसाच्या डोळ्यात हिरव्या झळाळीच्या भुंगेऱ्याच्या पंखाचे कवच शिवले होते. पाहणाऱ्यांस ते पाचूच वाटत. भरलेले पट पॅरिसला वर्थच्या पेढीकडे गेले, तेथे त्यांचा गाऊन बेतला गेला, खालच्या घेरावर पांढरी फुले चढली आणि तयार गाऊन परत हिंदुस्थानात आला. त्याचे वजन सुमारे साडेचार किलो भरते. आज तो इंग्लंडमध्ये केडल्स्टन येथील कर्झनांच्या वाड्यात आहे. जर काळवंडली आहे, भुंगेऱ्याची कवचे मात्र तशीच चमकतात. जगात हा गाऊन ओळखला जातो तो लेडी कर्झनच्या आणि वर्थच्या नावाने.

दोष केवळ परकीयांचा, असे मानण्याचे कारण नाही. आमच्या मराठी राजघराण्यांचाही या इतिहासात भाग आहे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची कन्या इंदिराराजे हिचा विवाह ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी, म्हणजे तेव्हाच्या उज्जयिनीच्या धन्याशी, ठरला होता. तिने तो 1911 साली मोडला आणि 1913 मध्ये कूचबिहारच्या राजपुत्राशी लग्न केले. फ्रान्सच्या तलम शिफॉनची साडी हिंदुस्थानात रूढ करण्याचे श्रेय तिला दिले जाते. गाऊनचे कापड साडी होऊन आले, असा तो उलटा प्रवास होता. येथून 55 किलोमीटरवर असलेल्या इंदुराचे यशवंतराव होळकर आणि त्यांच्या पत्नी, कागलच्या घाटग्यांच्या कन्या संयोगिताराजे, यांची चित्रे बूते द मोंव्हेल या फ्रेंच चित्रकाराने पाश्चात्त्य रात्रपोशाखात काढली आणि मराठी थाटातही काढली. एकच दांपत्य दोन पोशाखांत पाहताना, कोणता पोशाख आपला आणि कोणता परका, हा प्रश्न तितकासा सोपा राहत नाही. संयोगिताराजे 1937 साली ऐन तारुण्यात निवर्तल्या. गोमंतकातही मांडोच्या नृत्यात ख्रिस्ती स्त्रिया ‘पान-बाजू’ घालीत. त्यातील मखमली बाजूवर जरीचे भरतकाम असे. समारंभाच्या पोशाखावर सोन्याची सुई चालवावी, ही हौस कोणा एका देशाची वा धर्माची नव्हे.

आता थोडे कायद्याकडे वळू. व्यवसायाची खोड सुटत नाही. फ्रान्सने 1945 साली ‘ओत कुत्यूर’ या शब्दांनाच कायद्याचे कवच दिले. सरकारी यादीत ज्या पेढीचे नाव असेल, तिनेच आपल्या कामास ते बिरुद लावावे, असा तेथे नियम आहे. हिंदुस्थानात भौगोलिक चिन्हांचा कायदा 1999 साली संमत झाला आणि सप्टेंबर 2003 पासून अमलात आला. चंदेरी, महेश्वरी ही नावे त्याखाली नोंदली गेली; आमच्या भैरवगडच्या छिप्यांचे मेण लावून रंगविलेले बाटिक कापडही 2023 साली उज्जयिनीच्या नावे नोंदले गेले. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु फ्रान्सने पेढीचे नाव राखले आणि आपण गावाचे राखले. हाताचे नाव दोन्हीकडे सुटलेलेच आहे.

1957 च्या स्वामित्वहक्क कायद्यात ‘कलात्मक कारागिरीची कृती’ हीसुद्धा कलाकृती मानली आहे. तथापि त्याच कायद्याच्या कलम 15 प्रमाणे, नोंदणीस पात्र असूनही न नोंदलेले डिझाइन यांत्रिक रीतीने पन्नासहून अधिक वेळा उतरविले गेले, की त्यावरील स्वामित्व संपते. 2008 साली दिल्ली उच्च न्यायालयात एका ख्यातनाम वेशभूषाकाराच्या पेढीचा दावा चालला. तिच्या रेखाचित्रांस न्यायालयाने संरक्षण दिले, कारण नकलांची संख्या पन्नासापुढे गेलेली नव्हती. निर्णय योग्यच आहे. परंतु असे दावे कोण लावतो, हेही पाहावे. ज्याच्यापाशी कागदावरचे चित्र आहे तो न्यायालयात उभा राहू शकतो. ज्याच्यापाशी केवळ बोटांतील सवय आहे त्याच्या हाती पुरावाच नसतो.

यावर आक्षेप असा येईल, की कारागीर दुसऱ्याचे चित्रच भरतो; मग त्याचे नाव कशाला? आक्षेप पोकळ नाही. पण चित्रात पिसाचा केवळ आकार असतो. जर कोठे दाट धरावयाची, कोठे विरळ सोडावयाची, कापड कोठे आक्रसेल, प्रकाश कोणत्या बाजूने पडला म्हणजे टाका उजळेल, हे चित्रात नसते. ते चौकटीवर ठरते. गाण्याची चीज कोणाचीही असो, मैफल गाणाऱ्याची असते, हे आपण संगीतात कधीच मान्य केले आहे. तो न्याय सुईला का लागू नये?

काळ थोडा पालटत आहे, हेही नमूद केले पाहिजे. 2020 च्या जानेवारीत राहुल मिश्रा यांनी पॅरिसच्या ओत कुत्यूर सप्ताहात आपले भरतकाम मांडले. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय वेशभूषाकार. 30 मार्च 2023 रोजी डिओर या फ्रेंच पेढीने मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर आपला समारंभ केला आणि आपले भरतकाम मुंबईच्या ‘चाणक्य’ या संस्थेत होते, हे जगापुढे उघड सांगितले. पूर्वी जे झाकले जाई ते आता मिरविले जात आहे. पण संस्थेचे नाव येणे ही पायरी झाली, मुक्काम नव्हे.

आमची मागणी मोठी नाही. नवा कायदा होईल तेव्हा होवो. त्याआधी दोन गोष्टी आजही करता येतील. एक, कारागिराशी लेखी करार करावा आणि त्यात मजुरीबरोबर नाव देण्याचे कलम घालावे. दुसरी, वर्थने आपल्या नावाची पट्टी झग्याच्या आत शिवली, तिच्याच खाली आणखी एक ओळ असावी: हे काम अमुक गावच्या अमुकाने भरले. ती ओळ लिहिण्यास बोटभर फीत पुरते. पेरिप्लसच्या यादीत उज्जयिनीची मलमल आली, विणकर आला नाही. पुढच्या यादीत तो यावा, इतकेच.